कान ठणकतो, पण कानात काही नाही

ऊसतोडीच्या टोळ्या निघायच्या आधीचे तीन-चार आठवडे आमच्या ओपीडीत लगेच ओळखू येतात. धारूर-केजच्या पट्ट्यात दसरा उलटला की मुकादमांचे फोन सुरू होतात, आणि माणसं सहा महिन्यांची औषधं एकदम मागायला येतात. कुणाला पाठीचं मलम हवं असतं, कुणाला बीपीच्या गोळ्या, कुणाला लेकरांच्या तापाचं औषध. अशाच एका गर्दीच्या सकाळी ४८ वर्षांच्या एक बाई आल्या. तक्रार एका ओळीची. "सायेब, उजवा कान दुखायलाय. रातच्याला लईच ठणकतो. थेंब द्या."

मी दुर्बिणीने दोन्ही कान पाहिले. पडदे स्वच्छ, मोत्यासारखे. मळ नाही, लाली नाही, पू नाही. मग "आ करा" म्हटलं, जिभेवर लाकडी पट्टी दाबली, टॉर्च मारला, पडजीभ आणि टॉन्सिल दिसले. पाच-सात सेकंदांचं काम. तंबाखू खाता का, असंही विचारलं. बाईंनी मान हलवली. केसपेपरवर मी लिहिलं : "कानाचे पडदे व्यवस्थित. तोंड व घसा सामान्य. तंबाखू नाही." थेंब दिले, दुखण्याच्या गोळ्या दिल्या.

त्या तीन वाक्यांपैकी फक्त पहिलं खरं होतं.

सतरा दिवसांनी बाई परत आल्या तेव्हा थेंबाची बाटली रिकामी होती आणि दुखणं तसंच होतं. बुधवार होता. सोमवारी त्यांचा ट्रॅक्टर निघणार होता. "एवढा कान बसवून द्या, मग चैत्रातच येते," असं त्या म्हणाल्या. पुन्हा पडदा पाहिला, पुन्हा निर्मळ. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात शिरलं, की हा कान दुखत असेल, पण दुखण्याचं घर दुसरीकडे आहे.

कान हा फार भोळा अवयव. त्याला पाच-सहा वेगवेगळ्या नसांच्या फांद्या येतात आणि त्यातल्या बहुतेक नसा तोंड-घशातूनही फिरलेल्या असतात. खालच्या जबड्याच्या नसेची एक फांदी खालच्या हिरडीला आणि दाढांना जाते, दुसरी कानाच्या पुढच्या भागाला. त्यामुळे दाढेपाशी काही बिनसलं तर मेंदूला ते कानातून आल्यासारखं वाटतं. टॉन्सिल आणि जिभेचं मूळ नवव्या नसेतून कानाला हाक मारतात, स्वरयंत्र आणि त्याच्या बाजूचे खळगे दहाव्या नसेतून. म्हणून प्रौढ माणसाचा एकच कान दुखतो आणि पडदा निर्मळ आहे, एवढं कळलं की ओठांपासून स्वरयंत्रापर्यंत सगळी वाट तपासल्याशिवाय कागदावर "सामान्य" हा शब्द येता कामा नये. हे मला एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षापासून पाठ होतं. ओपीडीत ऐंशी माणसं रांगेत असली की पाठ असलेलं हाताशी येत नाही, ते वेगळं.

सुरुवात पुन्हा प्रश्नांपासून केली. तंबाखू? "न्हाई ओ, आपुन कशाला खाताव." इथे आमच्या सिस्टर मध्ये पडल्या. त्या याच भागातल्या. त्यांनी विचारलं, "मावशी, दाताला काय लावता?"

"मिसरी."

तव्यावर तंबाखू काळी होईस्तोवर भाजायची, कुटून पूड करायची आणि बोटाने दाता-हिरड्यांवर चोळायची, ती मिसरी. बाई ती लग्नानंतर सासूकडून शिकल्या होत्या. सकाळी एकदा, जेवल्यावर एकदा, दुपारी पाचटात टेकल्यावर एकदा, झोपताना एकदा. म्हणजे जवळजवळ तीस वर्षं, दिवसातून चार-पाच वेळा, उरलेली चिमूट उजव्या गालात तशीच. मी "खाता का" विचारलं होतं आणि त्या खात नव्हत्या, लावत होत्या. त्यांच्या उत्तरात खोट नव्हती. आशाताईंच्या घरोघरच्या फॉर्मवरही त्यांच्या नावापुढे तंबाखूला "नाही" होतं, त्याच कारणाने. तेव्हापासून मी चार प्रश्न वेगवेगळे विचारतो : दाताला काय लावता, गालात काय धरता, सुपारी-गुटखा काय चघळता, आणि बिडी-दारू. पुरुषांना पहिला प्रश्न विचारायला लाजू नये, पुष्कळ पुरुषही मिसरी लावतात.

बाकीची माहिती मग भराभर निघाली. दीड महिन्यापासून खालची उजवी दाढ हलत होती, म्हणून त्या डाव्या बाजूने चावत होत्या. ठेचा लागत होता, पण "तोंड आलंय" म्हणून त्यांनी गावातल्या मेडिकलवरून बी-कॉम्प्लेक्स आणि तोंडात लावायची ट्यूब दोनदा नेली होती. आवाज बदललेला नाही, गिळताना अडकत नाही, नाकातून रक्त नाही, ओठ बधिर नाही. वजन कधी केलेलं नव्हतं, पण पोलकी सैल झाली होती.

माझ्याकडे साधनं साधीच आहेत. डोक्याला बांधायची बॅटरी मी आठवडी बाजारातून घेतली आहे, रात्री उसाच्या गाड्या भरणारे वापरतात तीच. ती असली की दोन्ही हात मोकळे राहतात, आणि या तपासणीत खरी गरज दोन हातांचीच आहे. दोन लाकडी पट्ट्या, मोजे, गॉजचे तुकडे, दातांच्या डॉक्टरांकडचा छोटा आरसा आणि एक प्लास्टिकची मोजपट्टी. कवळी असेल तर ती आधी वाटीत काढून ठेवायची. बाईंना कवळी नव्हती.

तोंडात शिरण्याआधी चेहरा. समोर बसवून पाहिलं तेव्हा उजवा गाल जबड्याच्या कोनापाशी किंचित भरलेला वाटला. आधी दोनदा मी त्यांच्याकडे पाहिलं होतं, पण बाजूने, कानात दुर्बीण घालताना. डोकं, कानाच्या पाळ्या, ओठ यांवरची त्वचा ठीक. डोळे मिटणं, गाल फुगवणं, दात दाखवणं दोन्हीकडे सारखं. हनुवटीवर कापसाची वात फिरवून दोन्ही बाजूंचा स्पर्श सारखा लागतो का ते विचारलं. तो एका बाजूला बोथट झाला असता तर जबड्याच्या आतल्या नसेपर्यंत दुखणं गेल्याची शंका आली असती. बोथट नव्हता.

मग तोंड किती उघडतं ते मोजलं. वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांमधलं अंतर ३३ मिलिमीटर. स्वतःची तीन बोटं उभी मावली पाहिजेत, हा घरगुती अंदाज. त्यांची तिसऱ्या बोटाला अडखळली.

आत ठरलेली एक फेरी असते आणि ती रोज त्याच क्रमाने घ्यायची, कारण क्रम मोडला की कुठला तरी कोपरा राहतो. आधी ओठांची आतली बाजू, उलटून. मग डावा गाल, म्हणजे तक्रार नसलेली बाजू आधी, म्हणजे त्या माणसाचं निरोगी कसं दिसतं ते डोळ्यांत बसतं. गाल पट्टीने नुसता बाजूला सारून भागत नाही. दुसऱ्या पट्टीने जीभ आत ढकलायची, पहिल्या पट्टीने गाल हिरडीपासून पूर्ण उचलायचा, आणि गाल-हिरडीची जिथे सांध होते त्या खोबणीच्या तळापर्यंत प्रकाश न्यायचा. खाली तसंच, वरही तसंच. मग सगळ्यात मागे, शेवटच्या दाढेमागचा तिकोनी भाग. तंबाखू, मिसरी, गुटखा धरून ठेवायची जागा हीच, आणि आपल्याकडे तोंडाचा कर्करोग होतो तोही बहुतेक इथेच. "आ" करून पाहणाऱ्याला ही खोबण कधीच दिसत नाही. तोंड जितकं मोठं उघडावं तितका गाल हिरडीवर घट्ट बसतो, म्हणून ती पाहताना रुग्णाला तोंड अर्धं मिटायला सांगावं लागतं.

डावीकडे खोबणीत काळपट डाग आणि खरखरीतपणा. उजवीकडे गाल उचलला आणि सिस्टरांचा हात थांबला.

खालच्या शेवटच्या दोन दाढांच्या बाहेर, खोबणीच्या तळाशी, अडीच सेंटिमीटर लांब आणि दीड सेंटिमीटर रुंद जखम होती. कडा उलटलेल्या, तळ दाणेदार, पट्टी लागली की रक्त येणारी. तिच्या पुढे गालावर पांढरा चट्टा, गॉजने पुसून न निघणारा. बुरशीचा चट्टा पुसला की निघतो आणि खाली लाल सालटं राहतं. हा चिकटलेला होता, आणि त्यात मधेमधे लाल ठिपके होते. निव्वळ पांढऱ्यापेक्षा लाल किंवा लाल-पांढरा चट्टा अधिक घातक, हे इथे सांगून ठेवतो, कारण लाल दिसलं की आपण "सूज आहे" म्हणून सोडून देतो.

पण डोळ्यांनी पाहिलेल्यापेक्षा बोटाने जास्त सांगितलं. तोंड येतं तेव्हाची जखम दुखरी असते आणि तिच्या भोवतीचं मांस मऊ असतं. इथे मोजा घातलेलं बोट कडेवर फिरवलं तर कूर्चेसारखा टणकपणा लागला, जखमेच्या दिसणाऱ्या सीमेच्या पुढे अर्धा सेंटिमीटर तरी. आत एक बोट, बाहेर गालावर दुसरं, अशी चिमटीत जाडी तपासली. बाहेरची त्वचा मोकळी सरकत होती. दुसरी दाढ हलत होती. आणि या जखमेला हात लावल्यावर बाई म्हणाल्या, "तिथं न्हाई दुखत, कानात दुखतंय."

इथे थांबायचा मोह होतो. थांबू नये. तंबाखूने सगळं तोंड आणि घसा सारखाच भाजलेला असतो, एक जखम सापडली म्हणून दुसरी नाही असं नसतं. जीभ गॉजमध्ये धरून दोन्ही बाजूंना ओढून कडा पाहिल्या. अगदी मागे कडेवर बारीक उभ्या घड्या असतात, नवख्याला त्या गाठीसारख्या वाटतात, पण त्या दोन्हीकडे सारख्या आणि मऊ असतात. जीभ टाळूला लावायला सांगून तोंडाचा तळ पाहिला, मग एक बोट आत आणि दुसरा हात हनुवटीखाली ठेवून तो चाचपला. टाळू, टॉन्सिल, आणि शेवटी जिभेच्या मुळाशी बोट. उबळ येते, म्हणून हे सगळ्यात शेवटी आणि आधी सांगून करायचं. जिभेच्या मुळातली गाठ पुष्कळदा दिसत नाही, फक्त हाताला लागते. बाकी कुठे काही लागलं नाही.

मानेची तपासणी आमच्याकडे बहुतेक वेळा पदरावरून होते, म्हणजे होत नाही. बाईमाणसाला पदर बाजूला करायला सांगायला पुरुष डॉक्टर संकोचतो, बाईही संकोचते, आणि दोघांच्या मर्यादेत गाठ सुखाने वाढते. सिस्टरांनी पडदा ओढला, पदर आणि मंगळसूत्र बाजूला केलं, मी पाठीमागे उभा राहिलो. मान किंचित पुढे आणि ज्या बाजूची तपासायची त्या बाजूला झुकवायची, म्हणजे स्नायू सैल पडतात. हनुवटीखालून सुरुवात, मग जबड्याखाली, मग मानेच्या मोठ्या स्नायूला अंगठा आणि बोटांत धरून वरून खाली, गळपट्टीच्या हाडापर्यंत, तिथून मागच्या बाजूने वर, शेवटी मधोमध थायरॉइड. दोन्ही बाजू एकाच वेळी नाही चाचपायच्या, नाहीतर माणसाला भोवळ येऊ शकते.

उजव्या जबड्याखाली दीड सेंटिमीटरची गाठ होती. टणक, सरकणारी, न दुखणारी. तिथेच लाळेची ग्रंथीही असते, म्हणून घोळ होतो. फरक आत बोट घालून कळतो : ग्रंथी आतल्या बोटावर आणि बाहेरच्या हातावर एकदम जाणवते, पलीकडेही तशीच असते. ही जबड्याच्या कडेवरून घरंगळत होती आणि डावीकडे तिचं भावंड नव्हतं. बाईंना ती ठाऊक होती. "अवधाण आलंय म्हनलं, दाढेमुळं." दाढेमुळे अवधाण, म्हणजे ग्रंथीची सूज, येतंच, पण ते दुखतं आणि दाढ शांत झाली की जिरतं. ही दोन महिने तशीच होती.

स्वरयंत्र हाताने डावी-उजवीकडे हलवलं तर मागे मणक्यावर खरखर जाणवली. ती असायलाच हवी, नाहीशी झाली तर घशाच्या मागे काहीतरी भरलंय असं समजावं. जीभ बाहेर काढल्यावर सरळ, खांदे उचलणं दोन्हीकडे सारखं. स्वरयंत्र आतून पाहायला माझ्याकडे ना घशाचा आरसा, ना घशाची दुर्बीण. मी कागदावर तसंच लिहिलं : "स्वरयंत्र व नाकामागचा भाग पाहिला नाही." सतरा दिवसांपूर्वी मी न पाहिलेल्या खोबणीवर "सामान्य" लिहिलं होतं. न पाहिलेलं न पाहिलेलं म्हणून लिहिलं की पुढचा डॉक्टर ते पाहतो.

काय केलं नाही, तेही नोंदवतो. हलणारी दाढ "एवढी उपटून द्या" असा बाईंचा आग्रह होता. उपटली असती तर खड्ड्यातून रोगाला हाडात शिरायला वाट मिळाली असती. मानेची गाठ कापून काढली नाही, अशा गाठीला सुईची तपासणीच करायची. अँटिबायोटिकचा आणखी एक कोर्स दिला नाही.

त्या दुपारी आकृती काढली. तोंडाचं चित्र, जखम कुठे, मोजमाप, मानेचं चित्र, गाठ कुठे. तिकडच्या डॉक्टरांना चार वाक्यांपेक्षा ती उपयोगी पडली. अंबाजोगाईच्या वैद्यकीय महाविद्यालयात दुसऱ्या दिवशी तुकडा काढला, जखमेच्या मधून नाही, कडेवरून, जिथे रोगट आणि निरोगी मांस शेजारी येतं. तिथेच दुर्बिणीने स्वरयंत्रही पाहिलं गेलं, ते स्वच्छ होतं. आठ दिवसांनी उत्तर आलं : स्क्वेमस सेल कर्करोग, म्हणजे तोंडाच्या आतल्या अस्तराचा कर्करोग. सीटी स्कॅनमध्ये जबड्याच्या हाडाची भिंत शाबूत. गाठ दोन ते चार सेंटिमीटरमधली, मानेत त्याच बाजूला तीनपेक्षा लहान एकच गाठ, म्हणजे तिसरा टप्पा.

तिसरा टप्पा हा शब्द कळणं सोपं होतं, सोमवार अवघड होता. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. मुकादमाकडून आगाऊ उचल दोघांच्या नावावर घेतलेली, त्यातून घराचं पत्र्याचं काम झालेलं. बाई नाही गेल्या तर नवरा अर्धा कोयता, आणि अर्ध्या कोयत्याला मुकादम विचारत नाही. त्या बुधवारीच, उत्तर यायच्या आधी, ओपीडी संपल्यावर मी, सिस्टर, नवरा, मुलगा आणि सून असे व्हरांड्यात बसलो. मी टक्केवारी सांगायला लागलो तसं नवऱ्याने विचारलं, "सहा महिन्यांनी केलं तर?" मी मोजपट्टी काढून अडीच सेंटिमीटर दाखवलं आणि जबड्याच्या हाडावर बोट ठेवलं. सहा महिन्यांनी हे इथे गेलेलं असेल, मग अर्धा जबडा काढावा लागेल. मुलगा म्हणाला, "मी आन् दादा जोडी लावतो. आयीसंगं ही ऱ्हाईल." दादा म्हणजे बाप, ही म्हणजे सून. प्रश्न पाच मिनिटांत सुटला. त्या पाच मिनिटांचं ओझं त्या घराने पुढे सहा महिने वाहिलं, ते मला ओपीडीतून दिसलं नाही.

पाहुणे भूमला होते, म्हणून बार्शीचं कर्करोग रुग्णालय ठरलं. भूम आणि परंडा हे धाराशिवचे तालुके आणि बार्शी तालुका मिळून ग्रामीण भागातली कर्करोगाची नोंदवही १९८७ पासून ठेवली जाते, देशातली ती पहिली, म्हणून त्या भागात "कॅन्सर म्हंजी बार्शी" हे लोकांच्या तोंडी बसलेलं आहे. केशरी रेशनकार्डावर जनआरोग्य योजनेतून शस्त्रक्रिया झाली. जखम आजूबाजूच्या निरोगी कडेसह काढली, खालच्या जबड्याची वरची कड काढली पण जबडा अखंड राहिला, आणि उजव्या मानेतल्या ग्रंथी काढल्या. रोगाची खोली ७ मिलिमीटर, २८ पैकी एका ग्रंथीत रोग, तोही ग्रंथीच्या आवरणाच्या आत. पुढे सहा आठवडे शेक, म्हणजे रेडिएशन.

मानेबद्दल एक गोष्ट इथे सांगण्यासारखी आहे. बाईंची गाठ हाताला लागली, पण लागली नसती तरी मान सोडून चाललं नसतं. २०१५ मध्ये टाटा मेमोरियलच्या डॉ. अनिल डिक्रूझ आणि सहकाऱ्यांनी सुरुवातीच्या टप्प्यातल्या, मानेत गाठ न लागणाऱ्या रुग्णांचा अभ्यास छापला. मानेतल्या ग्रंथी आधीच काढलेल्या गटात तीन वर्षांनी ८० टक्के रुग्ण जिवंत होते, गाठ आल्यावर काढू म्हणून थांबलेल्या गटात ६७.५ टक्के. आपली बोटं कितीही शिकलेली असोत, बारीक दाणा त्यांना कळत नाही. तोंडाचं मात्र उलट आहे. तिथे साधा डोळा आणि प्रकाश पुरतो : केरळात तिरुवनंतपुरमजवळ १९९६ पासून प्रशिक्षित आरोग्यसेवकांनी घरोघरी तोंडं तपासली, आणि २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत तंबाखू-दारूचं व्यसन असलेल्यांमधले तोंडाच्या कर्करोगाचे मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी दिसले. ते सेवक डॉक्टर नव्हते. त्यांनी गाल उचलला, एवढंच. आपल्याकडेही तिशीपुढच्या प्रत्येकाचं तोंड पाच वर्षांतून एकदा पाहावं असं सरकारी मार्गदर्शन २०१६ पासून आहे. आमच्या उपकेंद्रांत आता आम्ही बॅटरीसोबत दुसरी पट्टी देतो.

बाई चैत्रात आल्या, ठरल्याप्रमाणे, फक्त उलट्या दिशेने. तोंड २४ मिलिमीटर उघडतं. शेकानंतर जबडा आखडतो, म्हणून आइस्क्रीमच्या काड्या एकावर एक रचून दातांमध्ये धरायचा व्यायाम दिला आहे, आज अकरा काड्या जातात. मिसरी बंद आहे, डबा सुनेने चुलीत घातला. पहिल्या वर्षी दर दीड-दोन महिन्यांनी तीच फेरी मी पुन्हा घेतो, त्याच क्रमाने, डावा गाल आधी.

नवऱ्याचं तोंडही मी त्या व्हरांड्यातल्या दिवशीच पाहिलं होतं. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, त्याच्या खिशात पुडी होती. तोंड २६ मिलिमीटर, म्हणजे दोन बोटं कशीबशी. दोन्ही गाल पांढुरके, आतून दोऱ्या ताणल्यासारखे पट्टे, तिखट अजिबात सोसत नाही. हा सुपारीचा आजार. केरळातल्या एर्नाकुलममध्ये अशा ६६ रुग्णांवर १७ वर्षं लक्ष ठेवलं तेव्हा ७.६ टक्क्यांना कर्करोग झाला होता. डाव्या गालाच्या मागच्या बाजूला १२ बाय ८ मिलिमीटरचा पांढरा चट्टा, कडा मऊ. तुकडा काढू म्हटलं तर "आधी हिचं होऊ द्या" म्हणाला. मी आकृती काढून ठेवली, मोजमाप लिहिलं, फडावरून सुट्टी मिळाली की या म्हणून सांगितलं. ट्रॅक्टर चैत्रात परत आले. बाईंसोबत सून आली होती. तो घरीच आहे, कान दुखत नाही म्हणतो.